वतनदार आणि वतनदाश : तुर्कस्तानच्या जेम काराजाची गोष्ट

२०२० च्या रमजानमध्ये मशिदी बंद होत्या आणि तरावीह घराघरात चालू होती. इफ्तार आटोपली की मोहल्ल्यातल्या जवळपास प्रत्येक घरातून एकच आवाज यायचा, घोड्यांच्या टापांचा. ‘एर्तुग्रुल’ ही तुर्की मालिका उर्दूत डब होऊन आली होती आणि मोबाईलच्या चार-पाच इंची पडद्यावर अख्खं खानदान ती बघत बसायचं. आमच्याकडच्या पोरांनी तशा टोप्या मागवल्या. अंगठ्या मागवल्या. एकाने तर बाईकच्या टाकीवर तीर-कमानीचं निशाण काढून घेतलं.

या वेडावर हसणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या समाजाने पडद्यावर स्वतःला गुंड, कव्वाल किंवा अतिरेकी याशिवाय फारसं पाहिलेलं नाही, त्याला घोड्यावर बसलेला, अल्लाहचं नाव घेणारा आणि शेवटी जिंकणारा नायक आवडणारच. पण तो तुर्कस्तान तेराव्या शतकातला आहे. त्यानंतर तिथल्या माणसांनी काय केलं? कोणती गाणी म्हटली, कशासाठी तुरुंगात गेली, कुणाला आपलं मानलं आणि कुणाला हाकललं? या प्रश्नांमागे जाताना मला एक गायक सापडला. लांब केस, भरघोस मिशा आणि खर्जातला असा आवाज, की शब्द कळत नसतानाही माणूस थांबून ऐकतो. त्याचं नाव जेम काराजा.

काराजा गायचा त्या संगीताला ‘अनातोलियन रॉक’ म्हणतात. खेड्यापाड्यातली लोकगीतं, जुन्या लोककवींची कवनं आणि साझ नावाचं लांब मानेचं तंतुवाद्य एकीकडे, तर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम दुसरीकडे. दोन्ही एकत्र केलं की जे तयार होतं, ते हे. तिकडच्या लोककवीला म्हणतात ‘आशिक’. हो, आपलाच आशिक. गावोगाव हिंडणारा, साझ वाजवत इश्क, खुदा, गरिबी आणि जुलूम यांवर कवनं रचणारा माणूस. आपल्याकडचा शाहीर आणि फकीर एकत्र केला तर त्याच्या जवळपास पोहोचता येईल.

जेमचा जन्म ५ एप्रिल १९४५ चा, इस्तंबूलचा. आई-बाप दोघंही रंगभूमीवरचे कलावंत. वडील मेहमेत काराजा मूळचे अझरबैजानी वंशाचे मुसलमान. आई तोतो काराजा आर्मेनियन, म्हणजे ख्रिस्ती समाजातली. १९१५ मध्ये अनातोलियातल्या आर्मेनियन लोकांची कत्तल झाली, लाखोंना घरादारातून हाकलून वाळवंटाकडे चालवत नेलं गेलं. त्यानंतर जेमतेम तीस वर्षांनी अशा जोडप्याच्या पोटी हा मुलगा जन्मला, ही गोष्ट पुढचं सगळं वाचताना लक्षात असू द्या. मुलगा शिकला रॉबर्ट कॉलेज या अमेरिकन शाळेत. सुरुवातीला गायचा तेही एल्व्हिस प्रेस्लीच्या धाटणीचं रॉक अँड रोल. थोडक्यात, शहरातला इंग्रजी गाणी म्हणणारा हुशार पोरगा.

मग सक्तीची लष्करी नोकरी आली आणि त्याची रवानगी सीरियाच्या सरहद्दीजवळच्या अंताक्यात झाली. तिथे त्याला आशिकांची कवनं भेटली. ज्या मातीत आपण जन्मलो तिचं संगीत आपल्याला ठाऊकच नाही, हे त्या पोराला बराकीत कळलं.

परत आल्यावर तो ‘आपाशलार’ या बँडमध्ये गेला. त्या काळी ‘हुर्रियत’ हे दैनिक ‘सोनेरी मायक्रोफोन’ नावाची स्पर्धा भरवत असे. अट अशी, की संगीत तुर्की मातीतलं हवं पण वाद्यं आणि बांधणी पाश्चात्त्य हवी. १९६७ मध्ये या बँडने एकोणिसाव्या शतकातल्या एमराह या आशिकाचं कवन स्वतःच्या चालीत गायलं आणि दुसरा क्रमांक मिळवला. पुढे १९७० मध्ये ‘कार्दाशलार’ या बँडबरोबर त्याने ‘दादालोलू’ गायलं. दादालोलू हाही जुना कवी, भटक्या टोळ्यांना जबरदस्तीने एका जागी बसवणाऱ्या उस्मानी सरकारविरुद्ध उभा राहिलेला. आपल्या मालिकेतला एर्तुग्रुल ज्या सल्तनतीचा पाया घालणाऱ्यांचा बाप, त्याच सल्तनतीशी सहाशे वर्षांनी भांडणाऱ्या माणसाचं हे गाणं! तुर्की लोक दोघांनाही आपलं मानतात, हे मला महत्त्वाचं वाटतं.

१९७२ मध्ये एक मजेदार अदलाबदल झाली. ‘मोगोल्लार’ या बँडचा गायक एर्सेन कार्दाशलारमध्ये गेला आणि कार्दाशलारचा जेम मोगोल्लारमध्ये आला. मोगोल्लार म्हणजे मंगोल लोक. आपल्या मराठीतला ‘मोगल’ त्याच शब्दाचा भाऊ. हा बँड आधीपासून नावाजलेला होता. अनातोलियाच्या तालांवर केलेल्या त्यांच्या रेकॉर्डला १९७१ मध्ये फ्रान्सच्या शार्ल क्रो अकादमीचं पारितोषिक मिळालं होतं. त्यांचा आधारस्तंभ जाहित बेर्काय खेड्यातली तंतुवाद्यं आणि गिटार सारख्याच सहजतेने वाजवायचा. पण त्यांच्या वाद्यांना हवा होता तसा गळा जेमच्या रूपाने मिळाला.

१९७४ चं ‘नामूस बेलासी’ हे या जोडीचं सगळ्यात गाजलेलं गाणं. या नावाचा अर्थ सांगायला मला शब्दकोश लागला नाही. नामूस म्हणजे इज्जत, बेला म्हणजे बला. इज्जतीपायी तुरुंगात जाऊन पडलेल्या माणसाचं ते गाणं आहे. हाच ‘नामूस’ फारसीतून मराठीत येऊन ‘नामुष्की’ झाला. तुर्कस्तानातला कैदी ज्या शब्दासाठी आयुष्य गमावतो, तो आपल्याकडे रोजच्या वर्तमानपत्राच्या मथळ्यात असतो. भाषा अशा बिनपरवाना सरहद्दी ओलांडतात.

त्याच वर्षी बेर्काय फ्रान्सला गेला आणि जेमने ‘दर्विशान’ हा नवा बँड काढला. दर्विशान म्हणजे दरवेशी, फकीर. नाव फकिरांचं असलं तरी गाणी कामगारांची होती.

त्यातलं १९७५ चं ‘तामिर्जी चिरागी’ माझं सगळ्यात आवडतं. नावाचा अर्थ, गॅरेजमधला शागिर्द. गोष्ट साधी आहे. ग्रीसने हात काळे झालेला एक पोऱ्या. एक श्रीमंत मुलगी गाडी दुरुस्तीला टाकून जाते. पोऱ्याने कुठल्याशा कादंबरीत वाचलेलं असतं, की अशी मुलगी अशाच मुलाच्या प्रेमात पडते. दुसऱ्या दिवशी तो मालकाला विनवतो, आज मला कामाचे कपडे नकोत. केस विंचरून उभा राहतो. मुलगी येते, तिच्यासाठी तो गाडीचं दार उघडतो, आणि हा कोण भणंग, अशा नजरेने ती त्याच्याकडे बघते. गाडी धूर सोडत निघून जाते. मालक त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगतो, विसर त्या कादंबऱ्या, तू कामगार आहेस, घाल ते कपडे.

माझ्या थोरल्या भावाने दहावीनंतर शाळा सोडली आणि सोलापुरातल्या एका गॅरेजात कामाला लागला. आमच्या वस्तीत ही काही खास बातमी नव्हती. प्रत्येक गल्लीतला एखादा पोरगा तेव्हा हातात दहा-अकराचा पाना घेऊन कुठल्या तरी गाडीखाली झोपलेला असायचा. आज भाईजानचं स्वतःचं गॅरेज आहे. मी त्याला हे गाणं ऐकवलं. तो कार्ब्युरेटर साफ करत होता, मान वर न करता ऐकत राहिला. मधेच थांबून म्हणाला, “ये उस्ताद बोला क्या?” मी म्हटलं, हो. तुर्कीतही गॅरेजच्या मालकाला ‘उस्ता’च म्हणतात. मग मी त्याला गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. नंतर हात पुसत म्हणाला, “उस्ताद गलत नई बोला. लेकिन पोट्टे को रोने तो देना था.”

त्या गाण्यावर इतकी नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही. मालकाचा सल्ला प्रेमळही आहे आणि क्रूरही. कामगाराने कामगार म्हणून ताठ उभं राहावं, असा त्याचा डाव्या चळवळीला भावलेला अर्थ. पण स्वप्न बघायची परवानगीसुद्धा कपड्यांवरून ठरते, ही त्याखालची बोच भाईजानला आधी ऐकू आली.

त्या दिवशी मला शाहीर अमर शेख आठवले. बार्शीचे मेहबूब पटेल. त्यांनीही लहानपणी मोटारीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत राबले. पुढे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या बुलंद आवाजाने मैदानं भारून टाकली. जेमला त्यांचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण लोकांच्या चालीत लोकांचं दुखणं गाणारा माणूस कुठेही जन्मू शकतो, आणि त्याचं नाव मेहबूब असलं तरी मराठी मुलूख त्याला आपला शाहीर म्हणू शकतो, हे आपण पाहिलेलं आहे.

आता गोष्ट अवघड वळणावर येते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तुर्कस्तानात डावे आणि उजवे एकमेकांचे मुडदे पाडत होते. १९७७ च्या कामगार दिनाला इस्तंबूलच्या ताकसीम चौकातल्या प्रचंड सभेवर गोळीबार झाला; त्यात आणि चेंगराचेंगरीत तीसहून अधिक माणसं मेली. त्याच वर्षी जेमने कामगार दिनाचं गाणं रेकॉर्ड केलं. पुढचा बँड होता ‘एदिर्दाहान’. हे नाव पश्चिम टोकाचं एदिर्ने आणि पूर्व टोकाचं आर्दाहान ही दोन गावं जोडून केलेलं, म्हणजे आपल्या ‘काश्मीर ते कन्याकुमारी’सारखं. अख्खा देश नावात घेऊन गाणाऱ्या या माणसाला १९७९ मध्ये देश सोडून पश्चिम जर्मनीत जावं लागलं.

१२ सप्टेंबर १९८० ला लष्कराने सत्ता घेतली. परत येऊन हजर व्हा, असा हुकूम जेमला सुटला. आल्यावर काय होईल हे त्याला दिसत होतं, तो गेला नाही. त्याच वर्षी वडील वारले. जनाजाला खांदा द्यायलाही त्याला जाता आलं नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत आखातात अडकलेल्या मुलांनी बापाचा दफनविधी फोनवरून अनुभवला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मग जानेवारी १९८३ मध्ये सरकारने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. चित्रपट दिग्दर्शक यिल्माझ ग्युनेय यांचंही त्याच वर्षी काढलं. ते पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये वारले, मायदेश पुन्हा न बघता.

तुर्कीत नागरिकाला म्हणतात ‘वतनदाश’. हा शब्द कळला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याशी खेळत बसलो. तुर्कीत ‘-दाश’ हा प्रत्यय वाटेकऱ्याचा आहे. ‘योल’ म्हणजे रस्ता, ‘योलदाश’ म्हणजे वाटेतला सोबती. ‘कारिन’ म्हणजे पोट, ‘कारिनदाश’ म्हणजे एका कुशीत वाटा असलेले, भावंडं. त्यातूनच कार्दाश झाला. आणि वतनदाश म्हणजे एका वतनाचे वाटेकरी. मराठीनेही ‘वतन’ शब्द घेतला, पण त्याला जोडलं ‘दार’. वतनदार. वतन ज्याच्या मालकीचं तो. पाटील वतनदार, देशमुख वतनदार. बाकीचे उपरे.

एकाच शब्दाला दोन शेपट्या लागल्या आणि देशाकडे बघायच्या दोन तऱ्हा तयार झाल्या. वतनदार कागद मागतो, सनद मागतो, तुझे आजोबा कुठले ते विचारतो. वतनदाशाला फक्त एवढंच ठाऊक असतं, की आपण एका कुशीतले. गंमत अशी, की ज्या भाषेने हा सुंदर शब्द घडवला तिच्याच सरकारने जेमला वतनातून खारीज केलं. आर्मेनियनांचं तर आधीच केलं होतं. म्हणजे शब्द घडवल्याने काम भागत नाही. २०१९-२० च्या हिवाळ्यात आपल्या घरांतून जुने दाखले, रेशनकार्डं आणि शाळा सोडल्याचे कागद शोधायची जी धांदल उडाली होती, ती आठवली की जेमची ही गोष्ट लांबच्या देशातली वाटत नाही.

जर्मनीत तो गप्प बसला नाही. १९६१ च्या करारानंतर लाखो तुर्की मजूर तिथे कारखान्यांत राबायला गेले होते. त्यांना हिणवायला जर्मन लोक ‘कानाके’ ही शिवी वापरत. १९८४ मध्ये जेमने जर्मन भाषेत गाण्यांची रेकॉर्ड काढली आणि तिचं नावच ठेवलं ‘दी कानाकेन’. शिवी उचलून स्वतःच्या छातीवर बिल्ल्यासारखी लावली. आपल्याकडेही मुसलमानांसाठी अशी एक मराठी शिवी आहे. मी ती इथे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तिचं गाणं करायची हिंमत अजून आपल्यातल्या कुणाला झालेली नाही.

नंतर पंतप्रधान तुर्गुत ओझाल यांच्याशी म्युनिकमध्ये भेट झाली, वाटाघाटी झाल्या आणि जून १९८७ मध्ये जेम इस्तंबूलला परतला. वाटेल की इथे गोष्ट सुखाने संपली. पण विमानातून उतरलेल्या माणसाची वाट बघत आता दुसरी तक्रार उभी होती. लष्कराच्या छत्राखाली वाढलेल्या ओझालांशी हात मिळवला, म्हणून जुने डावे साथीदार त्याला ‘दोनेक’, म्हणजे पलटी खाणारा, म्हणू लागले. उजव्यांना तो कम्युनिस्ट वाटत राहिला. एका बाजूने गद्दार, दुसऱ्या बाजूनेही गद्दार.

मला या आरोपाचा निवाडा करायचा नाही. ज्याला बापाच्या मातीला हात लावता आला नाही त्याने परत येण्यासाठी कुणाशी बोलावं, हे सुखात घरी बसलेल्यांनी ठरवू नये, एवढंच मला वाटतं. तत्त्व मोठं असतंच. पण आई म्हातारी होत असते, हेही खरं असतं.

आल्या आल्या त्याने रेकॉर्ड काढली. तिच्या नावातला पहिलाच शब्द होता ‘मरहबा’. तरुणांना आणि मनाने तरुण राहिलेल्यांना केलेला सलाम. १९९२ च्या रेकॉर्डचं नाव होतं, ‘कुठे होतो आपण?’ जणू गप्पा मधेच तुटल्या होत्या आणि आता पुढे चालू करायच्या होत्या. या दिवसांत जाहित बेर्काय पुन्हा त्याच्या सोबत होता. आवाज तोच, पण त्यात आता जरा थट्टा आणि थकवाही मिसळलेला. ८ फेब्रुवारी २००४ ला तो गेला आणि इस्तंबूलच्या काराजाअहमेत कब्रस्तानात दफन झाला.

आर्मेनियन आईचा मुलगा, अमेरिकन शाळेत शिकलेला, आशिकांची कवनं गाणारा, कम्युनिस्ट म्हणून हाकललेला, गद्दार म्हणून शिव्या खाल्लेला आणि शेवटी मुसलमानांच्या कब्रस्तानात विसावलेला माणूस. आज त्याची गाणी डावेही म्हणतात आणि उजवेही. मेल्यावर सगळ्यांना आपला वाटणारा माणूस जिवंतपणी कुणालाच पुरता आपला का वाटत नाही? अमर शेखांच्या बाबतीत आपण तरी काय केलं? त्यांच्या आवाजावर महाराष्ट्र मिळवला, आणि मराठी मुसलमान म्हटलं की आजही लोक विचारतात, “तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?”

एर्तुग्रुल बघणाऱ्या माझ्या भाच्यांना मी एवढंच सांगतो, की तलवार जरूर बघा, पण साझही ऐका. तलवारीने मिळतं ते वतनदाराचं वतन. आणि जेमच्या मागे काय उरलं, तेही ऐका. त्याच्या मुलाचं नाव एमराह, त्या पहिल्या गाजलेल्या गाण्यातल्या आशिकाचंच. बापाचा बँड मोगोल्लार आजही आहे. जाहित बेर्काय आता म्हातारा झाला आहे, तरी मंचावर उभा राहून वाजवतो. आणि त्याच्या शेजारी उभा राहून बापाची गाणी म्हणतो तो एमराह काराजा.